आजोबांची जीप: होती तशी करावी की आजच्या रस्त्याजोगी?

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत गोठ्याच्या कडेला, कांद्याच्या चाळीमागे किंवा बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली झाकलेली उंच बोनेटची जीप अजूनही दिसते. कुणाच्या आजोबांनी ती सरकारी लिलावात घेतलेली असते, तर कुणाच्या चुलत्यांनी वडापला चालवलेली असते. घरातली नवी पिढी एक दिवस ती पुन्हा चालू करायचं मनावर घेते आणि घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, होती तशीच करायची, नटबोल्टसुद्धा जुन्या पद्धतीचे हवेत. दुसरा म्हणतो, बोलेरोचं किंवा स्कॉर्पिओचं इंजिन घाला, पॉवर स्टेअरिंग घाला, म्हणजे रोज नारायणगावला नेता येईल.

कोडं असं, की दोन्ही पक्षांच्या गाड्या पुष्कळदा फसतात. मुळाबरहुकूम, सगळे भाग नवे घालून केलेली जीप माळशेज घाट उतरताना पायाखालचं ब्रेक पॅडल मऊ पडल्यामुळे चालवणाऱ्याला घाम फोडते. दणकट इंजिन घातलेली जीप काही महिन्यांतच गिअरबॉक्सचे दाते मोडून पुन्हा गॅरेजात येते. पैसे दोघांनीही मन लावून खर्च केलेले असतात. मग चुकतं कुठे?

ही जीप मुळात काय आहे

महिंद्रा कंपनीने 1940च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत अमेरिकन विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे ती गाडी भारतातच बनू लागली. आपल्याकडे सर्वांत जास्त दिसते ती उंच बोनेटची जीप. अमेरिकेत हे मॉडेल 1953 साली आलं. बोनेट उंच असण्याचं कारण इंजिनात आहे. सुमारे 2.2 लिटरच्या या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात हवा-पेट्रोलचं मिश्रण आत घेणारे वॉल्व्ह वर हेडमध्ये बसवले आणि धूर बाहेर सोडणारे वॉल्व्ह खाली ब्लॉकमध्येच राहिले. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली, ते जुन्या बोनेटखाली मावेना, म्हणून बोनेट उचललं.

पुढे पेट्रोल परवडेना तेव्हा डिझेल जीपा आल्या. काहींत ट्रॅक्टरचं इंजिन होतं आणि 1980च्या दशकात फ्रान्सच्या पुजो कंपनीच्या परवान्याने बनलेलं 2,112 सीसीचं डिझेल इंजिन आलं. तुमच्या ताडपत्रीखाली यांपैकी कोणती गाडी आहे हे आधी नक्की करावं लागतं, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून आहेत.

गाडी तीच, पण रस्ता आणि पेट्रोल बदललं

ज्या दिवशी ही जीप कारखान्यातून निघाली त्या दिवशी ती तिच्या काळाशी जुळलेली होती. रस्ते अरुंद होते, चाळीस-पन्नासचा वेग पुष्कळ होता. आज मंचर, नारायणगावचे बाह्यवळण रस्ते झालेल्या पुणे-नाशिक महामार्गावर मागचा ट्रक तुम्हाला चाळीसने चालू देत नाही.

वेगाचं गणित कठोर आहे. वेग दुप्पट झाला की गाडीतली गतीची ऊर्जा चौपट होते. ताशी 40 किलोमीटरवरून थांबायला ब्रेकना जेवढं काम करावं लागतं, त्याच्या चौपट काम 80 वरून थांबताना करावं लागतं. ब्रेक मात्र तेच आहेत.

पेट्रोलही पूर्वीचं राहिलेलं नाही. भारतात 1 फेब्रुवारी 2000 पासून सगळीकडे शिसेविरहित पेट्रोल मिळू लागलं. आपल्या आरोग्यासाठी ही फार चांगली गोष्ट झाली. पण जुन्या काळी पेट्रोलमधल्या शिशाचा एक पातळ थर धुराच्या वॉल्व्हवर आणि तो जिथे टेकतो त्या सीटवर बसायचा आणि दोघांची झीज थांबवायचा. ज्या इंजिनांत कडक धातूची वेगळी सीट बसवलेली नाही, त्यांत आता वॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुतत जातो. कॉम्प्रेशन कमी होतं, गाडी चढाला दम टाकते. हेड आणि ब्लॉक उघडलेच आहेत तर लेथवाल्याकडून कडक सीट बसवून घेणं हा बाहेरून न दिसणारा आणि अगदी योग्य बदल आहे.

दुसरा बदल इथेनॉलचा. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्यातलं काही इथेनॉल आपल्याच ऊसपट्ट्यातलं असतं. जुन्या गाडीवर त्याचा परिणाम तीन प्रकारे होतो. इथेनॉल जुन्या जातीचं रबर फुगवतं आणि मऊ करतं, त्यामुळे पेट्रोलच्या नळ्या, कार्बोरेटरची पॅकिंग आणि पेट्रोल पंपाचा पडदा आधी जातो. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्या मापाच्या जेटमधून येणारं मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन जास्त तापतं. तिसरा परिणाम सर्वांत फसवा आहे: इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि तिथे पत्रा गंजतो. पावसाळ्यात चार महिने टाकीत पेट्रोल ठेवून उभी केलेली, नवीकोरी दिसणारी जीप दसऱ्याला चालू होत नाही, त्याचं हे एक मोठं कारण.

उपाय साधे आहेत. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि पडदे घालावेत, जेट एक माप मोठा करून पाहावा आणि गाडी बराच काळ उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी. बाहेरून पाहणाऱ्याला यातलं काही कळतही नाही, आणि इंजिन मात्र वाचतं.

घाटात ब्रेक का मऊ पडतो

जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. पातेल्यासारख्या ओतीव ड्रमच्या आतून दोन शू बाहेरच्या दिशेने दाबले जातात आणि घर्षणाने चाक थांबतं. घर्षण म्हणजे उष्णता. माणसांसह दीड टनांची जीप पाचशे मीटर उंची उतरली, तर वाऱ्याने आणि इंजिनाने शोषलेली ऊर्जा सोडून देऊ, पण सगळा भार ब्रेकवरच टाकला तर जी उष्णता तयार होते तिने सुमारे 22 लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येईल. एवढी उष्णता चार बंद ड्रममध्ये कोंडते.

तापलेला ड्रम प्रसरण पावतो, म्हणजे शूपासून लांब जातो. त्यामुळे पॅडल अधिकाधिक खाली जाऊ लागतं. शूवरचं लायनिंग फार तापलं की त्याची पकड कमी होते. ब्रेक ऑइल वर्षानुवर्षं बदललेलं नसेल तर त्यात हवेतलं पाणी मुरलेलं असतं. उष्णतेने त्या पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते पण शूला ढकलत नाही, आणि पॅडल स्पंजासारखं होतं. डिस्क ब्रेकमध्ये चकती उघड्या हवेत फिरते, उष्णता लगेच निघून जाते, ओढ्यातून गाडी काढली तरी पाणी झटकलं जातं.

मग आजोबा घाट कसे उतरायचे? दुसऱ्या गिअरमध्ये, सावकाश. इंजिनच गाडीला मागे धरायचं, ब्रेकवर काम कमी पडायचं. मुळाबरहुकूम ठेवलेली जीप आजही तशीच चालवली तर सुरक्षित उतरते. अडचण तेव्हा येते, जेव्हा गाडी जुनी असते आणि चालवण्याची सवय नवी.

ब्रेकच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. गाडी मेळाव्यापुरती आणि गावातल्या गावात फिरवायची असेल तर ड्रम ठेवा, पण लायनिंग, सिलिंडर, नळ्या आणि ऑइल नवं घाला. घरातली मुलं-माणसं बसवून महामार्गावर किंवा घाटात न्यायची असेल तर पुढे डिस्क आणि दोन स्वतंत्र कप्प्यांचा मास्टर सिलिंडर घालाच, मात्र ब्रेकच्या बदलालाही आरटीओची परवानगी लागते का, हे आधी विचारून घ्या. जुन्या पद्धतीत चारही चाकांना एकच कप्पा असतो. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. दोन कप्पे असतील तर निदान दोन चाकं तरी धरतात. काढलेले ड्रम ग्रीस लावून, पोत्यात गुंडाळून ठेवून द्या. ते फेकू नका.

दिव्यांचंही तेच. अगदी जुन्या जीपांत 6 व्होल्टची बॅटरी असे. तेवढ्याच उजेडासाठी 12 व्होल्टच्या मानाने दुप्पट विद्युतप्रवाह लागतो आणि त्याच तारेत वाया जाणारी वीज चौपट होते, म्हणून ते दिवे मिणमिणते वाटतात. उसाच्या हंगामात रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, बिबटे रस्ता ओलांडतात. अशा भागात चांगले दिवे ही चैन मानता येत नाही. 12 व्होल्टची जोडणी करून जुन्याच गोल घरांत नवे दिवे बसवता येतात.

मोठं इंजिन घातलं की काय होतं

आता दुसऱ्या पक्षाची गाडी पाहू. इंजिन चाकांना जो पीळ देतं त्याला टॉर्क म्हणतात. जुन्या पेट्रोल जीपचा टॉर्क सुमारे 155 न्यूटन-मीटर. स्कॉर्पिओच्या सुरुवातीच्या 2.2 लिटर एमहॉक इंजिनाचा 290, म्हणजे जवळजवळ दुप्पट. इंजिनातून निघालेला हा पीळ क्लच, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट, डिफरन्शिअल आणि ॲक्सल अशा साखळीतून चाकापर्यंत जातो आणि पहिल्या गिअरमध्ये वाटेत कित्येक पटींनी वाढतो. साखळीतली प्रत्येक कडी जुन्या पिळाच्या मापाने घडवलेली असते.

बैलगाडा शर्यतीच्या या मुलखात हे समजावून सांगायला फार शब्द लागू नयेत. म्हाताऱ्या बैलाशेजारी तरणा, माजलेला खोंड जुंपला तर गाडा दुप्पट पळत नाही. जू एका अंगाला ओढलं जातं, म्हातारा बैल फरफटतो आणि शेवटी काहीतरी मोडतं. इंजिन बदललं की गिअरबॉक्स बदलावा लागतो. गिअरबॉक्सची लांबी वेगळी म्हणून शाफ्ट कापावा लागतो. वजन वाढलं म्हणून पुढचे पाटे बदलतात, उष्णता वाढली म्हणून रेडिएटर मोठा होतो, वेग वाढला म्हणून ब्रेक आणि स्टेअरिंग बदलावं लागतं. इंजिनाचे नवे माउंटिंग बसवायला चेसी कापून वेल्डिंग केलं जातं. इथवर आलं की नंबर प्लेट सोडून जुनं फारसं काही उरलेलं नसतं.

ज्यांच्याकडे 1980 किंवा 90च्या दशकातली डिझेल जीप आहे, त्यांना मधला रस्ता आहे. त्याच कुळातलं, त्याच माउंटिंगवर बसणारं इंजिन नीट बोअरिंग करून घ्यावं किंवा त्याच जातीचं दुसरं आणावं. मेस्त्री ओळखीचे, सुटे भाग मिळणारे, चेसीला हात न लावता काम होणारं. शेतीच्या आणि गावच्या वापराला एवढं पुरतं.

पत्रा काय सांगतो

निर्णय भावनेने होतो, पण बजेट ठरवतो तो गंज. जीपचं एक मोठं सुख असं, की तिची चेसी आणि वरची बॉडी वेगवेगळ्या असतात. बॉडी सडली तरी खालचा सांगाडा ठणठणीत असू शकतो. प्रीमियर पद्मिनीत असं नाही. तिथे पत्र्याची बॉडी हाच सांगाडा असतो, म्हणून दाराखालचा पत्रा गेला की गाडीचा कणाच गेला. पद्मिनी वाचवायला निघालेल्यांनी रंगाआधी तो पत्रा पाहावा.

आपल्याकडच्या जीपांना गंजाचं आणखी एक कारण आहे. कित्येक वर्षं त्यांच्या मागच्या हौद्यातून खताच्या गोण्या वाहिल्या गेल्या. पोटॅश हे पोटॅशियम क्लोराइड असतं, म्हणजे मिठाचंच भावंड. सांडलेलं खत पत्र्याच्या सांध्यात बसतं, पावसाळी हवेतलं पाणी शोषतं आणि तिथे गंजाचं काम बारमाही चालू राहतं. म्हणून रबर मॅटखाली, चाकाच्या कमानींच्या सांध्यात आणि चेसीच्या पोकळ भागांत पाहा. हातोडीने हलकं वाजवा. चांगलं लोखंड खणखणतं, सडलेलं बद्द वाजतं. बाजूच्या पत्र्यावर लोहचुंबक फिरवा. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे.

> चौकट: मेस्त्रीकडे नेण्याआधी
>
> चेसी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः घासून वाचा आणि आरसी बुकाशी ताडून पाहा.
>
> गाडी उघडण्याआधी सगळ्या बाजूंनी, खालून आणि तारांचेही फोटो काढा.
>
> वापर एका वाक्यात लिहा: मेळाव्यापुरती, गावापुरती की महामार्गावर.
>
> काढलेला प्रत्येक जुना भाग चिठ्ठी बांधून जपून ठेवा.
>
> खर्चाचा क्रम ठेवा: ब्रेक आणि स्टेअरिंग, मग चेसी, मग इंजिन, मग वायरिंग. रंग शेवटी.

कायदा कोणाच्या बाजूने आहे

पुष्कळ लोक कायद्याचा विचार सगळं काम झाल्यावर करतात. तो आधी व्हायला हवा. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटून गेलेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरू शकते. अट अशी की ती मूळ रूपात असावी, तिच्या चेसीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. नवी नोंदणी घेतल्यास 20,000 रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत आणि 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर मिळतो. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. बदल्यात एक मर्यादा स्वीकारावी लागते: ही गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते.

फेरफारांच्या बाजूला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 उभं आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं, की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसी बुकात नोंद हवी. आपल्या दोन्ही तालुक्यांचं काम पिंपरी-चिंचवडच्या कार्यालयाकडे, म्हणजे एमएच 14 कडे आहे. नोंद नसलेल्या फेरफारामुळे अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो. विजेवर चालवण्यासाठीचं किट कायद्याने बसवता येतं, पण ते अधिकृत चाचणी संस्थेने मान्य केलेलं असावं लागतं. अशी एक संस्था, एआरएआय, पुण्यातच कोथरूडच्या टेकडीवर आहे.

म्हणजे 1974 सालच्या जीपमध्ये दुसरं इंजिन घालणारा माणूस तिचा व्हिंटेज होण्याचा हक्क स्वतःच्या हाताने घालवतो. 1988च्या जीपला तो हक्क 2038 पर्यंत मिळणार नाही, पण आज कापलेली चेसी तेव्हाही कापलेलीच असेल.

होती तशी, म्हणजे कधी होती तशी?

मुळाबरहुकूम करणाऱ्यांनाही एक प्रश्न विचारायला हवा. कारखान्यातून निघाली त्या दिवसासारखी, की आजोबा चालवत होते तशी? उंच बोनेटच्या जीपवर लष्करी हिरवा रंग आणि पांढरा तारा काढून तिला दुसऱ्या महायुद्धातली बनवण्याची हौस आपल्याकडे मोठी आहे. हे मॉडेल महायुद्ध संपल्यानंतर आलं. तो तारा तिच्यावर कधीच नव्हता. आणि तो काढण्यासाठी गावच्या पेंटरने कुंचल्याने लिहिलेलं कुलदैवताचं नाव खरवडून टाकलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं. ते अक्षर पुन्हा कुणी लिहू शकणार नाही.

जुन्या वाहनांच्या मालकसंघांची जागतिक संघटना, फिवा, हिने 2013 साली ट्युरिनचा जाहीरनामा अंतिम केला. त्याचं सार असं, की शक्य तिथे आहे ते जपा, झीज हीसुद्धा इतिहासाचा भाग माना, गरज असेल तिथेच दुरुस्ती करा आणि बदल केलाच तर तो पुढे उलटवता येईल असा करून त्याची नोंद ठेवा. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक आजही दसऱ्याला बाहेर पडते आणि लोक तिला पाहायला थांबतात, कारण ती अजून त्याच घराण्याची तीच गाडी आहे.

जीवाला जपणारा आणि परत फिरवता येणारा बदल बिनदिक्कत करावा, फक्त त्याची परवानगी आधी पाहावी. कटर आणि वेल्डिंगशिवाय होणार नाही तो बदल करू नये. मोठं इंजिन, एसी आणि शंभरचा वेग हवाच असेल तर त्या पैशांत दुसरी गाडी घ्यावी आणि ही ताडपत्रीखाली कोरडी ठेवावी.

एक विनंती. या इंजिनांचे वॉल्व्ह कानाने सेट करणारे, कार्बोरेटर डोळे मिटून जोडणारे जुने मेस्त्री जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगावच्या गॅरेजांत होते. त्यांतले काही आता थकून घरी बसले आहेत. जीप उघडायच्या दिवशी त्यांना सन्मानाने घेऊन या, खुर्ची द्या, आणि ते जे सांगतील ते मोबाइलवर चित्रित करून ठेवा.